स्थळ, चौकशी आणि तोतये

मुलीच्या लग्नाचा विषय घरात निघाला म्हणजे वडीलमाणसे प्रथम पोस्टकार्डे आणावयास पाठवीत, तो काळ पाहिलेली मंडळी अद्याप हयात आहेत. साताऱ्याचे स्थळ सुचले की साताऱ्यास आपले कोण आहे याचा शोध होई. मावसबहिणीचा दीर तेथील कोर्टात नाझर निघे, किंवा धाकट्या भावाचा वर्गबंधू हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर असे, आणि त्याच्याकडून पत्रोत्तर येईपर्यंत पुढचे पाऊल कोणी टाकीत नसे. मुलगा कलेक्टर कचेरीत खरोखरच कायम झाला आहे काय, राहते घर मालकीचे की भाड्याचे, जमिनीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, यापूर्वी कोठे सोयरीक जमून फिसकटली होती काय आणि फिसकटली असल्यास कोणत्या कारणाने, ही सारी माहिती एका कार्डाच्या दोन बाजूंवर बसविलेली असे.

ह्या चौकशीबद्दल हळहळण्याचे कारण नाही. ती जातीच्या रिंगणाबाहेर कधी पडली नाही. मुलीच्या रंगाविषयी तिला जेवढी उत्सुकता होती तेवढी मुलाच्या स्वभावाविषयी नव्हती. आणि ज्याचा सातबारा निर्वेध होता अशा मद्यपी पुरुषाच्या पदरात तिने किती मुली टाकल्या याची मोजदाद कोणत्याही दप्तरात झालेली नाही. आपला सहचर आपणच शोधावा ही आजच्या तरुण-तरुणींची आकांक्षा मला सर्वथैव रास्त वाटते, आणि तिच्यासाठी त्यांनी हातातल्या फोनचे साहाय्य घेतले यातही मला काही वावगे दिसत नाही. परंतु त्या जुन्या व्यवस्थेचे सारे दोष पदरात घातल्यानंतरही एक गोष्ट शिल्लक राहते. चौकशी करणारा मनुष्य नावानिशी ठाऊक असे, आणि त्याने खोटी ग्वाही दिली तर पुढच्या कार्यात त्यास चारचौघांत तोंड दाखवावे लागे. डेटिंगच्या संकेतस्थळांनी व अ‍ॅपांनी ओळख करून देण्याचे काम त्या मनुष्याकडून काढून घेतले. चौकशीचे काम मात्र त्यांनी आपल्या शिरावर घेतले नाही. ते कोणाच्या शिरावर येऊन पडले आणि त्याची किंमत कोण मोजीत आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

अनोळखी माणसास जाहिरातीतून विवाहाचे आमंत्रण धाडण्याची रीत युरोपात तीनशे वर्षांहून जुनी आहे. लंडनमध्ये जॉन हॉटन नावाचा गृहस्थ शेती व व्यापार यांना वाहिलेले एक नियतकालिक काढीत असे. त्याच्या १६९५ च्या जुलैतील एका अंकात सुमारे तिशीच्या एका सद्गृहस्थास तीन हजार पौंडांच्या आसपास संपत्ती असलेली तरुणी वधू म्हणून हवी असल्याचे प्रसिद्ध झाले. ह्या गृहस्थाची मालमत्ता चांगली असल्याचे तेथे सांगितले आहे खरे, पण ते सांगताना संपादकाने मोठी सावधगिरी बाळगली आहे: मालमत्ता आहे असे तो स्वतः म्हणतो, एवढीच हमी त्याने वाचकास दिली. मध्यस्थाने अंग काढून घेण्याचा शिरस्ता म्हणजे ह्या धंद्याच्या जन्माइतकाच जुना आहे.

ह्या अंग काढून घेण्याचे फळ पुढच्या दोन शतकांत पुष्कळांना मिळाले. नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या बेल गनेस नावाच्या स्त्रीने इंडियाना प्रांतातील ला पोर्ट गावाजवळच्या आपल्या शेतावर, नॉर्वेजियन भाषेतील वृत्तपत्रांत विवाहाच्या जाहिराती देऊन, एकट्या व चार पैसे गाठीशी असलेल्या पुरुषांना पैशांसह बोलावून घेतले. १९०८ च्या एप्रिलमध्ये तिचे घर जळाले तेव्हा शेताच्या मातीतून त्यांचे अवशेष निघाले. फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धाने घरोघर विधवा निर्माण केल्या असताना हेन्री देझिरे लांद्रू हा इसम वृत्तपत्रांतून विवाहेच्छू विधुर म्हणून जाहिरात देई. त्याच्याजवळ एक टिपणवही होती, आणि तीत कोणत्या स्त्रीचे उत्तर आले, तिच्याजवळ घरसामान काय, पैसा किती, याच्या नोंदी तो एखाद्या तालुका कचेरीतील कारकुनाच्या काटेकोरपणाने ठेवी. गांबे येथील आपल्या बंगल्यावर त्यांना घेऊन जाताना तो रेल्वेचे स्वतःसाठी परतीचे आणि सोबतच्या स्त्रीसाठी केवळ जाण्याचे तिकीट काढी, ही गोष्ट त्या वहीतील हिशेबावरून बाहेर पडली. दहा स्त्रिया आणि त्यांपैकी एकीचा मुलगा, असे अकरा खून त्याच्यावर शाबीत झाले आणि १९२२ च्या फेब्रुवारीत व्हर्सायला त्याचा शिरच्छेद करण्यात आला. त्या वहीत आजच्या भाषेत ज्यास डेटाबेस म्हणतात तो संपूर्ण होता. फरक इतकाच की ती माहिती त्याला एकेक पत्राने गोळा करावी लागली.

आता ती माहिती आपण होऊन कोणी भरून देतो. १९६५ साली हार्वर्डच्या काही विद्यार्थ्यांनी 'ऑपरेशन मॅच' नावाचा उद्योग काढला, तेव्हा तीन डॉलर व एक प्रश्नावली पाठविणाऱ्यास आयबीएमच्या संगणकाने जुळविलेल्या व्यक्तींची यादी टपालाने येई. १९९५ मध्ये मॅच डॉट कॉम सुरू झाले. आपल्याकडे त्या दशकाच्या अखेरीस विवाह जुळविणारी संकेतस्थळे निघाली आणि वधूवर सूचक मंडळांच्या फायली संगणकावर चढल्या. इथवर फारसे काही बिघडले नव्हते, कारण पत्र असो वा ई-मेल, दोन माणसांच्या मध्ये काही दिवसांचा विलंब होता, आणि संशय उत्पन्न होण्यास विलंबाइतकी पोषक गोष्ट दुसरी नाही. २००९ मध्ये ग्राइंडर, २०१२ मध्ये टिंडर आणि २०१४ मध्ये बंबल आले, तेव्हा हा विलंब संपला. समोरचा मनुष्य कोण आहे हे सांगण्याऐवजी तो आपल्यापासून किती अंतरावर आहे हे फोन सांगू लागला. तीन निरनिराळ्या ठिकाणांहून अंतर मोजले की माणूस नेमका कोठे उभा आहे हे शाळकरी भूमितीने काढता येते. टिंडरमध्ये हे करता येत होते, असे एका सुरक्षा-तपासणी संस्थेने २०१४ मध्ये उघड केले. त्याच वर्षी इजिप्तमधील पोलिसांची समलिंगी पुरुषांवर नजर असल्याच्या बातम्या आल्यानंतर ग्राइंडरला त्या देशात अंतर दाखविण्याची सोय बंद करावी लागली.

शरीराला होणाऱ्या अपायापेक्षा संख्येने कितीतरी अधिक असलेली आपत्ती पैशाची आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२२ ह्या एका वर्षात जवळजवळ ७०,००० माणसांनी प्रेमाच्या बहाण्याने झालेल्या फसवणुकीच्या तक्रारी केल्या आणि त्यांत गेलेली रक्कम १३० कोटी डॉलर होती. आपल्याकडील फिर्यादींचा साचा तर असा ठरून गेला आहे की तपासी अंमलदारास पहिली चार वाक्ये ऐकल्यावर पाचवे स्वतःच लिहिता यावे. फिर्यादी बहुधा चाळिशी ओलांडलेली, घटस्फोटित किंवा विधवा, स्वतःच्या कमाईवर उभी असलेली स्त्री असते. विवाहाच्या संकेतस्थळावर तिला लंडनमधील एका भारतीय वंशाच्या डॉक्टराचे किंवा जहाजावरील एखाद्या अधिकाऱ्याचे स्थळ येते; तो विधुर असतो, त्याला एक लहान मुलगी असते, आणि दोन-तीन दिवसांतच तो संकेतस्थळ सोडून व्हॉट्सअ‍ॅपवर येण्याचा आग्रह धरतो, कारण तेथे पाहणारा कोणी नसतो. त्यानंतरचे काही आठवडे तो काहीही मागत नाही. तो केवळ विचारीत राहतो: जेवलीस का? आज कॉलेजात उशीर झाला का? गुडघा कसा आहे? हे प्रश्न त्या स्त्रीस घरातील कोणी कित्येक वर्षांत विचारलेले नसतात, आणि ह्या फसवणुकीचे खरे भांडवल येथे गुंतविले जाते, हे ज्यांच्या ध्यानात येत नाही तेच पुढे तिला लोभी ठरवितात.

मग वाढदिवसाची भेट विलायतेहून निघते. दिल्लीच्या विमानतळावरून कस्टम खात्यातील म्हणविणाऱ्या एका बाईचा फोन येतो: पार्सल अडकले आहे, पस्तीस हजार भरावे लागतील. ते भरले की पार्सलात परकीय चलन सापडलेले असते आणि आता मनी लाँडरिंगचा गुन्हा दाखल होणार असतो. तो मिटविण्यास दोन लाख, दंडाचे चार लाख, दाखल्याचे आणखी काही. पहिली रक्कम प्रेमाने दिलेली असते आणि पुढच्या साऱ्या भीतीने. अलीकडे ह्या रीतीच्या जोडीस दुसरी आली आहे, जीत सोयरीक जमविणारा मनुष्य पैसे मागतच नाही. तो स्वतः क्रिप्टो चलनात मिळविलेला नफा दाखवितो, एक अ‍ॅप उतरवून घ्यावयास सांगतो, त्यावर फिर्यादीच्या दहा हजारांचे बारा झालेले दिसतात, आणि ते बारा काढूनही घेता येतात. काढता येत नाहीत ते पुढचे वीस लाख. (येथे एक गंमतीचा योगायोग नोंदवून ठेवतो: नायजेरियातील अशा ठकांना तेथील फौजदारी कायद्याच्या कलमावरून 'फोर-वन-नाइन' म्हणतात, आणि आपल्या जुन्या भारतीय दंडसंहितेतही तोतयेगिरी करून फसविण्याच्या शिक्षेचे कलम ४१९ हेच होते. दोन्ही कायदे इंग्रजी अमलात घडले, पण आकडा जुळला तो निव्वळ दैवाने.)

शहाणीसुरती माणसे फसतात कशी, असे विचारणाऱ्यांनी आपल्या इतिहासातील एक प्रकरण काढून पाहावे. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, परंतु त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी अंगावरील सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. आणि भाऊ जिवंत आहेत ही आशा एकट्या त्यांच्याच मनात नव्हती. ह्या आशेच्या जमिनीत एका कनोजी ब्राह्मणाचे तोतयेपण रुजले. थोरल्या माधवरावांनी त्याला पकडून भाऊंना ओळखणाऱ्या माणसांकडून त्याची शहानिशा करविली, तो खोटा ठरला व कैदेत पडला. असे असूनही १७७६ मध्ये तो रत्नागिरीहून सुटला तेव्हा त्याच्याभोवती सैन्य जमले, कोकणातील किल्ले त्याच्या हवाली झाले, आणि त्याला देहान्त शासन होईपर्यंत पुण्याच्या कारभाऱ्यांची झोप उडाली. एकदा खोटा शाबीत झालेल्या माणसावर पुन्हा विश्वास ठेवणारे ते किल्लेदार अडाणी नव्हते. जे खरे ठरावे असे माणसाला मनापासून वाटते त्याचा पुरावा तो मागत नाही; तो पुरावा मागण्याचे काम त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी, ज्याचे मन गुंतलेले नाही अशाने, करावयाचे असते. माधवरावांनी ते केले. डेटिंग अ‍ॅपवर ते करणारा कोणी नाही.

आजचा तोतया मात्र स्वतःच्या जिवावर उदार झालेला साहसी पुरुष असेलच असे नाही. कदाचित तोही कोणाच्या कोंडीत सापडलेला असतो. म्यानमारच्या सरहद्दीवर म्यावाडीच्या परिसरात आणि कंबोडियात कुंपणे घातलेल्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत, जेथे संगणकाच्या नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांचे पासपोर्ट काढून घेऊन त्यांच्याकडून परदेशातील स्त्री-पुरुषांशी प्रेमालाप करवून घेतला जातो, आणि ठरलेली वसुली झाली नाही तर मारहाण होते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कचेरीने २०२३ च्या ऑगस्टमध्ये दिलेल्या अंदाजानुसार म्यानमारमध्ये निदान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसे अशा बळजबरीच्या कामास जुंपलेली असावीत. २०२५ च्या मार्चमध्ये भारतीय वायुदलाच्या विमानांनी थायलंडमधील माए सॉटहून ५४९ भारतीयांना परत आणले ते ह्याच वसाहतींतून सुटलेले होते. नाशिकच्या एखाद्या बाईस रात्री अकरा वाजता 'जेवलीस का' असे विचारणारा तरुण स्वतः त्या दिवशी जेवला असेल किंवा नसेल.

आणि चेहरा पाहून खात्री करावी म्हटले तर तीही वाट बुजली आहे. हाँगकाँगच्या पोलिसांनी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये २७ जणांना अटक केली. हुंग होम भागातील एका औद्योगिक इमारतीत बसून ही मंडळी कृत्रिम रीतीने बनविलेल्या स्त्रीमुखांनी व्हिडिओ कॉल करीत आणि त्यांच्या जाळ्यात तैवान, सिंगापूर व भारतातीलही पुरुष सापडले होते. त्यांच्यापाशी शिकाऊ उमेदवारांसाठी तयार केलेल्या पुस्तिका मिळाल्या.

एवढी यंत्रणा ज्या एका गोष्टीच्या आधारावर उभी आहे ती म्हणजे फसलेल्या माणसाची लाज. २०२५ च्या जानेवारीत फ्रान्समधील टीएफ१ ह्या वाहिनीने एका मध्यमवयीन स्त्रीची हकीकत दाखविली. प्रसिद्ध नट ब्रॅड पिट म्हणविणाऱ्या ठकाने बनावट छायाचित्रे पाठवून तिच्याकडून ८,३०,००० युरो काढले होते. इतरांनी सावध व्हावे म्हणून ती पुढे आली. देशभर तिची अशी चेष्टा झाली की वाहिनीला तो कार्यक्रम मागे घ्यावा लागला. ज्या ठकांनी हे केले ते त्या आठवड्यात निश्चिंत झोपले असतील, कारण पुढची कित्येक माणसे आता तोंड उघडणार नाहीत याची तजवीज समाजाने फुकट करून दिली. आपल्याकडे ती घरातूनच सुरू होते. थोरली बहीण म्हणते, "अगं, एवढी शिकलीसवरलेली तू, आणि ह्या वयात हे काय सुचलं तुला?" ठाण्यात अर्ज देण्यास गेले की समोरचा हवालदार मान वर करून विचारतो, "मॅडम, तुम्ही त्याला प्रत्यक्ष कधी पाहिलंच नाही, आणि तरी पैसे पाठवले?" त्याच्या प्रश्नात दुष्टावा नसतो. परंतु ज्याच्या घरी चोरी झाली त्यास कुलूप का लावले नाही असे प्रथम विचारण्याची रीत इतर गुन्ह्यांत नाही, ती येथे आहे.

पुरुषांची लाज निराळ्या नाण्यात वसूल होते. अ‍ॅपवर ओळख झालेली तरुणी व्हिडिओ कॉल करते, समोर विवस्त्र होते, पुरुषासही तसे करण्यास लावते, आणि काही मिनिटांतच त्या कॉलचे चित्रीकरण त्याच्या फोनवर येते, सोबत त्याच्या आतेभावांची, साहेबांची व बायकोची नावे. पैसे दिले तर मागणी थांबत नाही. न दिले तर दिल्लीच्या सायबर पोलिसांतील म्हणविणाऱ्या तोतया अधिकाऱ्याचा फोन येतो की त्या मुलीने आत्महत्या केली असून तुमच्यावर वॉरंट आहे. ह्या खंडणीच्या टोळ्यांचा माग काढीत महाराष्ट्राचे पोलीस राजस्थान व हरियाणाच्या सीमेवरील मेवात भागात अनेकदा गेले आहेत, आणि पुण्यात अशा छळापायी तरुणांनी जीव दिल्याची नोंद आहे. समलिंगी पुरुषांची स्थिती याहून अवघड. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधील प्रौढांच्या परस्परसंमतीचा भाग रद्द केला, त्यामुळे कायद्याची भीती गेली. तथापि अ‍ॅपवरून बोलावून, चार जणांनी खोलीत कोंडून, मारहाण करून यूपीआयने पैसे वळते करून घेणाऱ्या टोळ्यांचा धंदा कायद्याच्या भीतीवर कधी चालतच नव्हता. तो आईला कळेल या भीतीवर चालतो.

पोलिसांची अनास्था काय करू शकते याचे सर्वांत भीषण उदाहरण लंडनच्या बार्किंग भागातील आहे. २०१४ व २०१५ मध्ये स्टीफन पोर्ट ह्या इसमाने मुख्यतः ग्राइंडरसारख्या अ‍ॅपांवर गाठलेल्या चार तरुणांना गुंगीचे औषध घालून मारले. प्रेते एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर सापडली, तरी मृत तरुण समलिंगी होते व अंमली द्रव्याने मेले एवढ्यावर प्रत्येक तपास निरनिराळा मिटविला गेला. आप्तांनी व मित्रांनी ह्या मृत्यूंत संबंध असल्याचे सांगून पाहिले. पोर्टला २०१६ मध्ये आमरण कारावासाची शिक्षा झाली, आणि २०२१ च्या मृत्युचौकशीतील ज्यूरीने असा निर्णय दिला की शेवटच्या तिघांच्या मृत्यूस पोलिसांच्या चुका बहुधा कारणीभूत झाल्या.

कंपन्यांकडे वळू. त्यांचे म्हणणे असे की आम्ही केवळ दोघांची गाठ घालून देतो. गाठ पडल्यावर काय घडते त्याचे उत्तरदायित्व आमचे कसे? अमेरिकेच्या कायद्याने ह्या म्हणण्यास १९९६ पासून भक्कम आधार दिला आहे, त्याचे कलम २३०. न्यूयॉर्कमधील एका तरुणाच्या माजी सहचराने ग्राइंडरवर त्याच्या नावाने खोटी प्रोफाइले उघडली आणि परक्या पुरुषांना कामेच्छेचे आमंत्रण देऊन त्याच्या घरी व कामाच्या जागी पाठविण्यास आरंभ केला. काही महिन्यांत हजारांहून अधिक पुरुष त्याच्या दारात आले. कंपनीकडे सुमारे शंभर तक्रारी गेल्या. तो कोर्टात गेला तेव्हा, हा मजकूर दुसऱ्याने टाकलेला आहे, कंपनी त्यास जबाबदार नाही, असे सांगून दावा काढून टाकण्यात आला; २०१९ मध्ये अपिलातही तेच झाले. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ने मध्यस्थांना दिलेली मुभा ह्याच जातीची आहे. २००४ मध्ये एका लिलाव-संकेतस्थळाच्या मुख्याधिकाऱ्यास, तेथे दुसऱ्याच कोणी विक्रीस ठेवलेल्या अश्लील चित्रफितीपायी, अटक झाली होती. तो अन्याय पुन्हा होऊ नये म्हणून २००८ च्या दुरुस्तीने ही ढाल रुंद करण्यात आली. हेतू योग्य होता. पण ढाल ज्याच्या हाती दिली तो तिच्या आड काय करतो हे पाहण्याची तरतूद ढिली राहिली.

काय करतो, याचा एक मासला डेन्व्हर शहराचा. तेथील एका हृदयरोगतज्ज्ञाने आपल्यावर अत्याचार केल्याची तक्रार एका स्त्रीने २०२० मध्ये हिंज ह्या अ‍ॅपकडे केली. त्यानंतरही हा मनुष्य अ‍ॅपांवर राहिला, आणि शोधपत्रकारांनी पुढे दाखवून दिले की त्याचे प्रोफाइल विशेष आकर्षक म्हणून इतर स्त्रियांपुढे केले जात होते. २०२४ मध्ये त्याला १५८ वर्षांची शिक्षा झाली. हिंज, टिंडर, ओकेक्युपिड, मॅच ही सारी एकाच कंपनीची अपत्ये आहेत. ह्या कंपनीने मॅच डॉट कॉमवर, ठकांची म्हणून आपल्याच यंत्रणेने खूण केलेल्या खात्यांकडून आलेल्या संदेशांचा उपयोग 'कोणाला तरी तुम्ही आवडलात' असे सांगून वर्गणी काढण्यास केला, असा आरोप फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये ठेवला आणि २०२५ मध्ये ते प्रकरण १.४ कोटी डॉलर देऊन मिटविण्यात आले. ज्या खात्यावर ठकाची खूण आहे त्यापासून ग्राहकास दूर ठेवावयाचे की त्यापासून वर्गणी मिळवावयाची, ह्या प्रश्नाचे उत्तर व्यापाराने काय दिले असावे याविषयी मला फारशी शंका नाही.

जी माहिती आपण त्यांच्या हवाली करतो तिचे काय होते? अ‍ॅशली मॅडिसन ह्या विवाहितांच्या चोरट्या संबंधांसाठी काढलेल्या कॅनडातील संकेतस्थळाने १९ डॉलर घेऊन सर्व नोंदी पुसून टाकण्याचे आश्वासन दिले होते. २०१५ मध्ये तेथील दप्तर फोडून कोट्यवधी ग्राहकांची नावे जगापुढे टाकण्यात आली, तेव्हा पैसे भरून पुसलेल्या नोंदींतीलही काही माहिती तेथे शिल्लक निघाली, आणि पुरुषांशी गोड बोलणाऱ्या पुष्कळ स्त्रिया कंपनीच्याच यंत्राने निर्माण केलेल्या होत्या हेही बाहेर पडले. नॉर्वेच्या विदासंरक्षण अधिकाऱ्यांनी २०२१ मध्ये ग्राइंडरला, ग्राहकांची माहिती त्यांच्या योग्य संमतीविना जाहिरातदारांस दिल्याबद्दल, ६.५ कोटी क्रोनरचा दंड केला. परंतु मला सर्वांत उद्विग्न केले ते 'टी' नावाच्या अमेरिकन अ‍ॅपच्या प्रकरणाने. डेटिंगवर भेटलेल्या पुरुषांविषयी स्त्रियांनी एकमेकींस सावध करावे, म्हणजे त्या जुन्या पोस्टकार्डाचेच काम करावे, एवढ्यासाठी ते निघाले. आत येणारी स्त्रीच आहे याची खात्री पटविण्यास तिचे छायाचित्र आणि ओळखपत्र मागितले जाई. २०२५ च्या जुलैमध्ये सुमारे ७२,००० चित्रे उघड्यावर पडली, त्यांत १३,००० ही स्त्रियांची छायाचित्रे व ओळखपत्रे होती.

अशा परिस्थितीत चौकशीचे काम ज्यांच्या शिरावर आले आहे त्या तरुण स्त्रियांनी आपली एक अलिखित संहिता बनविली आहे, आणि ती मुंबई-पुण्याच्या कोणत्याही वसतिगृहात ऐकावयास मिळते. भेट दिवसाउजेडी आणि गर्दीच्या ठिकाणी. जाताना मैत्रिणीस लाइव्ह लोकेशन. त्याचे छायाचित्र उलट्या शोधास घालून दुसऱ्या नावाने कोठे सापडते का पाहणे. आडनाव व कचेरी विचारून लिंक्डइनवर पडताळणे. पेला टेबलावर सोडून न उठणे. ठरलेल्या वेळी मैत्रिणीचा फोन, म्हणजे उठून जाण्यास निमित्त. मुलांनीही हल्ली एक कलम जोडले आहे: ती म्हणेल त्या कॅफेत जावयाचे नाही, कारण दिल्ली व मुंबईत मुलगी, वेटर व मालक संगनमत करून साध्या खाण्यापिण्याचे बिल हजारो रुपयांवर नेतात, आणि मुलगी घरच्या फोनचे निमित्त करून निघून जाते. २०२४ च्या जूनमध्ये दिल्लीत असे एक बिल लाखाच्या वर गेले तेव्हा पोलिसांनी धरपकड केली. ही संहिता उपयुक्त आहे, आणि तिच्यात श्रम आहेत. ते श्रम कोणाच्याही जमाखर्चात नाहीत.

कायदे नाहीत असे म्हणता येत नाही. तोतयेगिरीने फसविण्यास भारतीय न्यायसंहितेच्या कलम ३१९ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, संगणकाच्या साहाय्याने तेच करण्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ड आहे, आणि ओळख लपवून लग्न करण्यासारख्या कपटाने शरीरसंबंध मिळविण्यास न्यायसंहितेचे कलम ६९. पैसे गेल्याबरोबर १९३० ह्या क्रमांकावर कळविले तर बँका ती रक्कम वाटेतच गोठवू शकतात. ठकांचे पैसे भाड्याने घेतलेल्या खात्यांच्या साखळीतून धावत असल्यामुळे येथे तासांना महत्त्व आहे, आणि लाजेने घालविलेली एक रात्र ही ठकास दिलेली मुदत ठरते. मध्यस्थांसाठी मात्र केंद्र सरकारने विशेष म्हणून जे काही सांगितले ते २०१६ च्या जूनमधील एका सल्लापत्रात, आणि तेही केवळ विवाहविषयक संकेतस्थळांना: ग्राहकाची ओळख व पत्ता यांचा पुरावा घ्यावा, खाते बंद झाल्यावरही वर्षभर आयपी पत्त्याची नोंद ठेवावी, तक्रार अधिकारी नेमावा, आणि हे स्थळ विवाहासाठी असून डेटिंगसाठी नाही असे ठळकपणे लिहावे. शेवटच्या अटीत सरकारचे मन दिसते. जेथे धोका अधिक होता त्या डेटिंगचे नाव घेतले गेले ते एवढ्यापुरतेच की ते आमच्यात नाही. तिकडे ऑस्ट्रेलियात सरकारच्या दडपणाखाली डेटिंग कंपन्यांनी २०२४ च्या ऑक्टोबरपासून एक आचारसंहिता स्वीकारली, तीत अपायाचा माग ठेवणे, तक्रारीवर काय केले ते तक्रारदारास कळविणे व पोलिसांशी सहकार्य करणे ही कलमे आहेत. ती ऐच्छिक असल्याने पुरेशी नाही, पण डेटिंग नावाची गोष्ट अस्तित्वात आहे एवढे तरी तीत मान्य केलेले आहे.

आपल्याकडे प्रत्यक्ष तपासात अडते ते अगदी सामान्य ठिकाणी. बहुतेक अ‍ॅपांत समोरच्याने 'अनमॅच' केले की सारा संवाद फिर्यादीच्या फोनवरून नाहीसा होतो, आणि ठक हे काम प्रथम करतो. स्क्रीनशॉट काढून ठेवण्याचे भान ज्या क्षणी हवे त्या क्षणी कोणाला नसते. मग तो संवाद असतो कंपनीच्या दप्तरी. टिंडरची मूळ कंपनी डॅलसला, बंबल ऑस्टिनला, दोन्ही गावे टेक्सासमधील. नोंदणीचा फोन क्रमांक वा आयपी पत्ता कंपनी पोलिसांच्या पत्रावर देऊ शकते, परंतु संदेशांचा मजकूर हवा असेल तर भारत व अमेरिका यांच्यात २००५ पासून अंमलात असलेल्या परस्पर साहाय्याच्या करारान्वये गृह खात्यामार्फत विनंती करावी लागते, आणि तिला महिनेच्या महिने जातात. तोपर्यंत जिल्हा ठाण्यातील तपासी अंमलदाराची बदली झालेली असते, नव्या साहेबास कागद नव्याने वाचावे लागतात, आणि फिर्यादी बाईस पुन्हा एकदा बोलावून विचारले जाते की तुम्ही त्याला प्रत्यक्ष कधी पाहिले होते काय.